रुबाबदार घोडा आणि रेतातला विषाणू

२००६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या क्वार्टर हॉर्स जातीच्या एका पैदास केंद्रावर घोड्या गाभडू लागल्या. पाठोपाठ इतर राज्यांतही तीच लागण सापडली. त्यातल्या काही ठिकाणी न्यू मेक्सिकोहून घोडा आला नव्हता की घोडीही आली नव्हती. आले होते ते थंड डब्यातून पाठवलेले रेत.

हा इक्वाइन आर्टेरायटिस व्हायरस. १९५३ मध्ये ओहायो राज्यातल्या ब्युसायरस इथे तो पहिल्यांदा वेगळा करण्यात आला. तो लहान धमन्यांच्या भिंतींना सूज आणतो. ताप येतो, पाय सुजतात, डोळे लाल होतात, नाक वाहते. बहुतेक घोडे काही आठवड्यांत बरे होतात. खरा फटका बसतो गाभण घोड्यांना आणि नुकत्याच जन्मलेल्या शिंगरांना. आजारी घोड्याच्या श्वासातून उडणाऱ्या थेंबांतून विषाणू शेजारच्या घोड्यापर्यंत पोचतो, पण हा मार्ग थोडेच दिवस खुला असतो. मग दोन साथींच्या मधल्या काळात हा विषाणू राहतो कुठे?

पैदाशीच्या घोड्यात. घोडी, शिंगरू, खच्ची केलेला घोडा हे सगळे विषाणूला शरीराबाहेर घालवतात. वयात आलेल्या नरांपैकी काहींना मात्र ते जमत नाही. रक्तातून विषाणू नाहीसा होतो, प्रतिपिंडे भरपूर असतात, तरी रेतवाहिनीच्या शेवटच्या फुगीर भागात, ‘ॲम्प्युला’त, तो वर्षानुवर्षे टिकतो. कधी जन्मभर.

टेस्टोस्टेरॉनशिवाय त्याला तिथे टिकता येत नाही, हे एका सुरेख प्रयोगाने दाखवले. वाहक घोडे खच्ची केले. काहींना बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले, बाकीच्यांना दिले नाही. ज्यांना दिले त्यांच्यात विषाणू टिकून राहिला, बाकीच्यांतून निघून गेला. वयात येण्याआधी लागण झालेली शिंगरेही वाहक होत नाहीत.

पण मग सगळेच नर वाहक का होत नाहीत? इथे जनुक येते. घोड्याच्या अकराव्या गुणसूत्रावर सीएक्ससीएल१६ नावाचे जनुक आहे. त्याच्या दोन आवृत्त्यांतून बनणाऱ्या प्रथिनांत फक्त चार अमिनो आम्लांचा फरक आहे. एका आवृत्तीचे प्रथिन विषाणूला चिकटते आणि पेशीत शिरायला वाट देते, दुसरीचे देत नाही. दीर्घकाळ वाहक राहणाऱ्यांत पहिली आवृत्ती ठळकपणे आढळते. गंमत अशी की हे प्रथिन मुळात लिम्फोसाइट या बचाव करणाऱ्या पांढऱ्या पेशींना सूज आलेल्या जागी बोलावण्याचे काम करते. म्हणजे ॲम्प्युलात बचावाची फौज जमते, पण विषाणू हटत नाही, उलट त्यातल्या काही पेशींतच मुक्काम करतो. आणि तिथे राहता राहता बदलत जातो. एकाच घोड्याच्या रेतात काही वर्षांनी निराळ्या घडणीचे विषाणू सापडतात.

अशा घोड्यात बाहेरून काहीच दिसत नाही. अंगकाठी, चाल, वीर्याची प्रत, सारे उत्तम. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून शुभ-अशुभ ठरवतात आणि त्यावर किंमत वरखाली होते. केसांच्या वळणाला रेतात काय आहे ते कळत नाही. त्याच वेळी ‘आधुनिक’ कृत्रिम रेतन आपोआप सुरक्षित असते, हाही भ्रमच. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये शुक्रजंतू जपले जातात, तसाच विषाणूही जपला जातो. वाहकाचे रेत मिळालेल्या, पूर्वी लागण न झालेल्या बहुतेक घोड्यांना लागण होते, आणि मग त्या श्वासातून ती तबेल्यात पसरवतात.

तपासणी अवघड नाही. रक्तात प्रतिपिंडे नसतील तर घोडा वाहक नाही. असतील तर रेत तपासायचे. अडचण लसीची. लस घेतलेल्या आणि लागण होऊन गेलेल्या घोड्याचे रक्त चाचणीत सारखेच दिसते. म्हणून वयात येण्याआधीच शिंगराचे रक्त तपासायचे, निर्दोष असल्याचा दाखला घ्यायचा आणि मगच लस टोचायची. दाखला हरवला, तर परदेशी गिऱ्हाइकाला तो घोडा निरोगी असल्याचे पटवताना मालकाची दमछाक होते.