हातातील सौम्य अर्बुदे व तंत्रिकादाब

हाताच्या मऊ ऊतकांत किंवा हाडांत वाढणाऱ्या, कर्करोगी नसलेल्या गाठीचा दाब शेजारच्या तंत्रिकेवर (रूढ भाषेत नस) पडून मुंग्या, बधिरपणा, वेदना किंवा दुबळेपणा येणे. हातात गाठी पुष्कळांना होतात. त्यांतल्या थोड्याच तंत्रिकेला त्रास देतात. आकारापेक्षा जागा महत्त्वाची. मनगटाच्या पाठीवरची लिंबाएवढी गाठ वर्षानुवर्षे काही करत नाही. तळहाताच्या मुळाशी खोल दडलेली ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ पंजाचे बळ घालवू शकते.

धोक्याच्या जागा दोन. पहिली कार्पल टनेल : मनगटाच्या हाडांची खोबण आणि तिच्यावरचा आडवा जाड बंध यांमधून नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) व मध्य तंत्रिका जातात. दुसरी करंगळीच्या बाजूची नाली. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स गीयों यांनी १८६१ मध्ये तिचे वर्णन केले. तिच्यातून अल्नर तंत्रिका जाते आणि तेथेच तिच्या संवेदी (स्पर्श जाणणाऱ्या) व प्रेरक (स्नायू हलवणाऱ्या) शाखा वेगळ्या होतात.

प्रकार व उगमाचा वाद : सर्वांत जास्त आढळणारी गाठ म्हणजे गँग्लियॉन. काटेकोर अर्थाने ते अर्बुद नव्हे, तर घट्ट, पारदर्शक द्रवाने भरलेली पिशवी आहे. ती बहुधा मनगटाच्या पाठीवर दिसते. गीयोंच्या नालीतील तंत्रिकादाबाचेही तेच सर्वांत नेहमीचे कारण आहे. तिच्या उगमाविषयी अडीच शतकांहून अधिक काळ मतभेद आहेत. १७४६ च्या सुमारास एलर यांनी सांध्याचे अस्तर बाहेर फुगून ही पिशवी बनते असे मांडले. हे मत सोपे आणि म्हणून लोकप्रिय ठरले. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पिशवीला सांध्यासारखे अस्तर सापडत नाही. लेडरहोझ यांनी १८९३ मध्ये संयोजी ऊतकाच्या श्लेष्मल अपकर्षाची (जोडणारे ऊतक ढासळून बुळबुळीत होण्याची) कल्पना मांडली, तिला १९२८ मध्ये कार्प व स्टाउट यांनी बळ दिले. पुढे सांध्यात सोडलेले रंजकद्रव्य पिशवीत उतरते, पण पिशवीतले सांध्यात परत जात नाही, असे क्ष-किरण अभ्यासांत दिसले आणि एकमार्गी झडपेची कल्पना पुढे आली. अँजेलिडीस व वॉलेस यांनी १९७६ मध्ये पाठीवरच्या गाठींचे मूळ मनगटाच्या दोन हाडांमधील बंधाशी दाखवले. सारा पुरावा पाहता बंधावरील ताणातून सुरू होणारा श्लेष्मल अपकर्ष हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. त्यात झडपेचे निरीक्षणही सामावते.

कंडरेच्या आवरणावरील महाकोशिका (मोठ्या पेशींचे) अर्बुद बोटांत होते. ते दाहातून निर्माण होते, असे याफे यांचे १९४१ मधील मत बराच काळ प्रमाण मानले गेले. जनुकीय बदल आढळल्यापासून ते खरे अर्बुद मानण्याकडे कल आहे. चरबीची गाठ तळहातात खोलवर वाढते तेव्हा दाब आणते. श्वानोमा मात्र तंत्रिकेच्या आवरणातूनच उगवतो. त्याला व्हेरोके यांनी १९१० च्या सुमारास ‘न्यूरिनोमा’, तर स्टाउट यांनी १९३५ मध्ये ‘न्यूरिलेमोमा’ म्हटले. जुन्या अहवालांत ही दोन्ही नावे भेटतात.

सोलापूरचा संदर्भ : यंत्रमाग, चादर व टॉवेल, आणि घरोघरी वळल्या जाणाऱ्या विड्या यांमुळे येथे बोटांच्या कामावर पोट असलेली माणसे फार. हात बधिर होऊ लागला की दोष कामावर जातो, आणि गाठ शोधण्याचे राहून जाते. सतत वापराने गँग्लियॉन होते, असे काही लेखक मानतात. श्वानोमा किंवा चरबीच्या गाठीचा कामाशी असा संबंध जोडलेला नाही. कामामुळे गाठ झाली की नाही यापेक्षा गाठीमुळे काम कसे बदलले, हे निदानाला जास्त उपयोगी पडते. तेंदूपान कातरताना व विडी वळताना अंगठा आणि तर्जनी यांची चिमट लागते. स्पर्श शाबूत असूनही पान चिमटीतून निसटू लागले, अंगठा व तर्जनीमधला मांसल भाग खोल गेलेला दिसला, तर अल्नरच्या खोल प्रेरक शाखेवर दाब असण्याची शंका घ्यावी. दुखत नसल्याने विडी वळणारी बाई हे सांगायला फार उशिरा येते.

दुसरा घोटाळा कुष्ठरोगाचा. देशपातळीवर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे निर्मूलन झाल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले, तरी रुग्ण सापडतात. जाड झालेली किंवा गळू झालेली तंत्रिका अर्बुदासारखी लागते. कुष्ठरोगात अल्नर तंत्रिका बहुधा कोपराजवळ बाधित होते, त्यामुळे करंगळीच्या बाजूच्या हाताच्या पाठीचीही संवेदना जाते. मनगटातील दाबात ती राहते, कारण पाठीकडची शाखा मनगटाच्या आधीच फुटलेली असते. त्वचेवर बधिर चट्टे आहेत का, हे पाहिल्याशिवाय चाकू उचलू नये. या एका तपासणीला पैसा लागत नाही.

निदान : गाठीवर टिचकी मारताच बोटात झिणझिण्या जाणे या चिन्हाला तिनेल यांचे नाव आहे, हॉफमन यांनीही त्याच वर्षी, १९१५ मध्ये, ते नोंदवले होते. श्वानोमा आडवा हलतो, तंत्रिकेच्या लांबीच्या दिशेने हलत नाही. फ्रोमां यांच्या चाचणीत रुग्णाने अंगठा व तर्जनीत धरलेला कागद ओढतात. स्नायू दुबळा असल्यास अंगठ्याचे टोक वाकते. सोनोग्राफीत पिशवी आणि भरीव गाठ वेगळी ओळखू येते; खोल गाठीसाठी एमआरआय लागतो. तंत्रिकावहन चाचणीने दाबाची जागा व तीव्रता कळते. तंत्रिकेतील गाठीत सुई घालून नमुना घेणे शक्यतो टाळतात.

सोलापुरात १९६३ मध्ये स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले, ‘सिव्हिल’ या नावाने ओळखले जाणारे रुग्णालय आहे. खासगी दवाखान्यांतही धाराशिव, विजयपुरा, कलबुर्गीकडचे रुग्ण येतात.

उपचार : तंत्रिकेला त्रास न देणारे गँग्लियॉन तसेच ठेवता येते, काही आपोआप विरतात. सुईने द्रव काढल्यास गाठ पुष्कळदा परत येते. ती दाबून फोडण्याचा जुना उपाय तंत्रिकेजवळ करूच नये. बळ कमी होत असल्यास मात्र थांबू नये. काखेतून किंवा मानेजवळून हात बधिर करून, दंडाला पट्टा बांधून रक्तविरहित क्षेत्रात, भिंगाखाली शस्त्रक्रिया करतात. गँग्लियॉन देठासह काढतात. तळहाताच्या बाजूच्या गाठीत मनगटाची धमनी चिकटलेली असू शकते, म्हणून आधी दोन्ही धमन्यांचा रक्तपुरवठा तपासतात. श्वानोमा आवरण उघडून, तंतू बाजूला सारून अलगद सोडवता येतो. न्यूरोफायब्रोमा या तंत्रिकेच्या दुसऱ्या गाठीत तंतू गाठीतूनच जातात, तेथे तो काढताना तंत्रिकेला इजा होऊ शकते. मध्य तंत्रिकेत चरबी व तंतुमय ऊतक पसरलेल्या विकृतीत गाठ न कापता फक्त कार्पल टनेल मोकळा करतात. काढलेली प्रत्येक गाठ विकृतिशास्त्रीय तपासणीला पाठवतात.

महाकोशिका अर्बुद पुन्हा होण्याचा संभव असतो. श्वानोमा क्वचितच परत येतो. इजा झालेले तंतू दिवसाला सुमारे १ मिमी. वाढतात. स्नायू दीड वर्षाहून अधिक काळ तंत्रिकेविना राहिला असल्यास त्याचे बळ सहसा परत येत नाही. अशा वेळी दुसऱ्या कंडरेचे स्थानांतर करून चिमट परत मिळवतात.