ताठरतेचा पंप आणि लांबी वाढवण्याचा पंप: दिसायला सारखे, पण फरक व्हॉल्व्हचा

लिंगावर चढवायची पारदर्शक नळी, एका टोकाला हाताचा किंवा बॅटरीचा पंप, दुसरं टोक उघडं. पुणे स्टेशनजवळच्या भिंतीवरची जाहिरात वाचून मागवलेला पंप आणि युरोलॉजिस्टने, म्हणजे लघवीच्या डॉक्टरने, चिठ्ठीवर लिहून दिलेला पंप शेजारी ठेवले, तर वरवर पाहून फरक कळत नाही. खोक्यावरचा मजकूर सोडा, पंपाचं डोकं तपासा.

वैद्यकीय पंपात दाबावर मर्यादा घालणारा व्हॉल्व्ह असतो. ओढ साधारण 250 मिमी पाऱ्याच्या आसपास पोचली की तो स्वतःहून हवा आत घेतो. हवा एकदम आत सोडायचं बटण वेगळं. काही स्वस्त पंपांवर नुसता काटा असतो. काटा दाब दाखवतो, थांबवत नाही.

कामही निराळं. मधुमेहामुळे किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ताठरता येत नसेल, तर वैद्यकीय पंप रक्त खेचून घेतो आणि इंद्रियाच्या बुडाशी चढवलेली रिंग ते धरून ठेवते. लांबी मात्र कोणत्याच पंपाने कायमची वाढत नाही. जास्त वेळ खेचल्यावर जे जाड दिसतं ती सूज असते, आणि ती उतरते. मग माणूस उद्या अजून जोर लावतो. लाल ठिपके, काळेनिळे डाग, फोड येतात ते इथेच.

वापरताना बुडाचे केस बारीक कापा. नळीच्या कडेला आणि त्वचेला पाण्यात विरघळणारं जेल लावा. त्याशिवाय हवा गळते. नळी अंगाशी घट्ट धरा, अंडकोशाची कातडी आत ओढली जात नाही ना ते बघा. एकदोनदा पंप दाबायचा, थोडं थांबायचं, पुन्हा दाबायचं. काही मिनिटं लागतात, घाई नको. दुखलं की लगेच हवा सोडा. पुरेशी ताठरता आल्यावर नळीवर आधीच चढवलेली रिंग बुडाशी सरकवा, मग हवा सोडून नळी काढा.

रिंग 30 मिनिटांच्या आत निघालीच पाहिजे. मोबाईलवर अलार्म लावा आणि रिंग घालून झोपू नका. साधं रबरबँड तर कधीच नको: ते रुततं आणि काढताना धरून ओढायला त्याला रिंगसारखे कान नसतात. इंद्रिय थोडं गार लागणं, रिंगच्या मागे सैल राहून बिजागरीसारखं हलणं, वीर्य अडकणं हे अपेक्षित आहे. वीर्य अडकलं म्हणून गर्भ राहणार नाही असं मात्र धरू नका. बधीरपणा आला किंवा काळपट रंग दिसला तर रिंग ताबडतोब काढा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, सिकलसेल किंवा रक्तस्रावाचा आजार असेल, पूर्वी कधी ताठरता तासन्‌तास उतरली नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंपाला हात लावू नका. आणि ताठरता नव्यानेच कमी झाली असेल, तर पंप मागवण्याआधी साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. हृदयविकाराची ती पहिली खूण असू शकते. त्यासाठी पुण्यातल्या ससून रुग्णालयाच्या ओपीडीत गेलात तरी चालेल. संकोच वाटला तर 'लघवीचे डॉक्टर' एवढंच विचारा.