इन्स्टॉलेशन अडतं तेव्हा सूत्रं कोणाच्या हातात असतात?

पेनड्राइव्हवरून विंडोज ७चा सेटअप सुरू होतो. भाषा आणि कीबोर्ड विचारणारी पहिली चौकट पडद्यावर येते, आणि माउसचा बाण जागचा हलत नाही. टॅब दाबा, एंटर दाबा, नम लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. दोनच मिनिटांपूर्वी याच कीबोर्डवरून बायोसमध्ये शिरून बूटचा क्रम बदललेला असतो. पेनड्राइव्हही शेजारच्याच पोर्टमध्ये आहे आणि सेटअप त्याच्यावरूनच इथवर आलाय. म्हणजे कीबोर्ड ठणठणीत, पोर्ट ठणठणीत, पेनड्राइव्ह ठणठणीत. तरी सगळं ठप्प.

२०१५ मध्ये इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर आले, त्यानंतर हा अनुभव असंख्य लोकांनी घेतला. कोणी कीबोर्ड बदलले, कोणी पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा तयार केले. प्रत्यक्षात एकही वस्तू बिघडलेली नव्हती. ती चौकट दिसण्याच्या थोडं आधी कॉम्प्युटरची सूत्रं एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती, आणि या दुसऱ्याला त्या मशीनचे यूएसबी पोर्ट चालवताच येत नव्हते.

‘ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं’ हे आपल्याला एकच काम वाटतं, पण त्यात तीन वेगवेगळ्या व्यवस्था एकमेकींना खो देत पुढे जातात. पहिलं फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम; वर आलेलं बायोस ते हेच. यूएसबी वाचण्यापुरतं ज्ञान त्याच्यापाशी स्वतःचं असतं. दुसरी विंडोज पीई, सेटअप चालवण्यापुरती असलेली छोटी विंडोज. ती ‘बूट.विम’ या फाइलमध्ये राहते. फर्मवेअरच्या मदतीनं ही अख्खी फाइल रॅममध्ये उतरवली जाते आणि विंडोज पीई तिथूनच चालते. सेटअपच्या वेळी दिसणारा ‘एक्स’ ड्राइव्ह तो हाच. तिसरी आपल्या डिस्कवर कायमची बसणारी विंडोज. ती ‘इन्स्टॉल.विम’मध्ये असते. प्रत्येकीचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) किंवा प्रोग्रॅम वेगळा, प्रत्येकीचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम, वेगळे. एकीला शिकवलेलं दुसरीला आपोआप येत नाही.

आता ते कोडं उलगडतं. विंडोज ७ आली २००९ मध्ये, आणि तिच्यात यूएसबी ३.०चा ड्रायव्हर नव्हताच. जुन्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपमध्ये, यूएसबी २.०चे पोर्ट सांभाळणारा स्वतंत्र कंट्रोलरही असायचा, त्यामुळे निदान काही पोर्ट चालत. स्कायलेकबरोबरच्या चिपसेटमधून तो कंट्रोलर काढून टाकला गेला आणि सगळे पोर्ट एकट्या यूएसबी ३.०च्या कंट्रोलरवर आले. फर्मवेअरच्या हातात सूत्रं होती तोवर सगळं चाललं. विंडोज पीईचा कर्नल उठला, आणि त्याच्या दृष्टीनं मशीनला एकही यूएसबी पोर्ट उरला नाही. ज्यांच्याकडे गोल पिनेचा जुना पीएस-२ कीबोर्ड होता ते एक पायरी पुढे गेले, तर तिथे ‘सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही’ असा संदेश. सीडी तर कुठेच नाही! सेटअपला स्वतःचाच पेनड्राइव्ह दिसत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

यावर उपाय म्हणून लोक विंडोजच्या फाइलमध्ये ड्रायव्हर आधीच मिसळून घेऊ लागले, आणि इथे बहुतेकांनी एक चूक केली. त्यांनी ड्रायव्हर घातला इन्स्टॉल.विममध्ये, कारण ‘खरी’ विंडोज तिथे. पण अडलेली होती बूट.विममधली. त्या फाइलमध्येही दोन इमेज, म्हणजे विंडोजच्या दोन पूर्ण प्रती, असतात. पहिली साधी विंडोज पीई, दुसरी सेटअपसकटची. सेटअपच्या पेनड्राइव्हवरून चालते ती दुसरी. काहींनी फक्त बूट.विम दुरुस्त केली. त्यांचा सेटअप झकास पूर्ण झाला, मशीन रीस्टार्ट झालं, आणि नाव विचारणाऱ्या पहिल्या पानावर कीबोर्ड पुन्हा मुका. म्हणून कोणी मला ‘इन्स्टॉलेशन अडलंय’ म्हणालं की एरर काय दिसतेय हे मी नंतर विचारते. आधी विचारते, त्या क्षणी सूत्रं कोणाच्या हातात होती? निम्मं निदान तिथेच होतं.

मुळात अपडेट आधीच मिसळलेली विंडोज हवी कशाला? या प्रश्नाचं उत्तर २००३ च्या ब्लास्टर वर्मनं, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमनं, दिलं. विंडोजमधल्या एका दोषावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टनं १६ जुलैला काढला, आणि ११ ऑगस्टला त्याच दोषातून शिरणारा ब्लास्टर पसरू लागला. नव्यानं विंडोज एक्सपी टाकलेलं मशीन अपडेट उतरवण्यासाठी नेटवर्कला जोडावं, तर अपडेट उतरण्याआधीच वर्म आत. औषध आणायला जाण्याच्या वाटेवरच आजार गाठत होता. तेव्हा औषध आधीच पोटात असलेली सीडी तयार करणं हे शहाणपण ठरलं.

एक्सपीच्या काळात हे मिसळणं बरंचसं फाइल बदलण्याचं काम होतं: जुनी काढा, नवी ठेवा. २००७ मध्ये व्हिस्टा आली आणि सगळी विंडोज एका विम फाइलमध्ये गेली. या फाइलची रचना मला फार आवडते. तिच्यात होम, प्रो अशा अनेक आवृत्त्या एकत्र असतात, पण एकसारखा मजकूर असलेली फाइल एकदाच साठवली जाते. दहा आवृत्त्यांना नोटपॅड लागतं, साठवलेलं मात्र एकच. म्हणून पाच-सहा आवृत्त्यांची मिळून फाइल एकीपेक्षा थोडीच मोठी भरते. याचा दुसरा पैलू असा की अपडेट मिसळताना आपण फाइलमधली एक विशिष्ट इमेज उघडत असतो. होममध्ये अपडेट घातला आणि सेटअपमध्ये प्रो निवडली, तर अपडेट ‘गायब’. तो गायब नसतो, शेजारच्या घरात असतो.

आणि आता हे काम फाइल बदलण्याचंही राहिलेलं नाही. विंडोज ७बरोबर आलेलं डिझम हे अवजार इमेज एका फोल्डरमध्ये उघडतं आणि तिच्या आतल्या यंत्रणेला सांगतं की हा अपडेट बसव. प्रत्येक घटकाची नोंद, त्याच्या आवृत्त्या, कोण कोणावर अवलंबून हे सगळं विनएसएक्सएस या फोल्डरातल्या कोठारात असतं. अपडेट बसवणारी ही यंत्रणा, सर्व्हिसिंग स्टॅक, हीसुद्धा सॉफ्टवेअरच आहे आणि तिलाही अपडेट लागतात. पाना जुना असेल तर नवा नट फिरत नाही. २०१६ मध्ये विंडोज ७साठी केबी ३१२५५७४ हा मोठा एकत्रित अपडेट आला, पण त्याआधी एप्रिल २०१५ चा केबी ३०२०३६९ बसवणं सक्तीचं होतं. क्रम चुकला की नकार. शेवटी ०८२३ आकडे असलेला एरर कोड दिसला तर समजावं की हीच तक्रार आहे, स्टॅक जुना आहे. ०८१ई असेल तर तो अपडेट या इमेजला लागूच नाही. बहुतेकदा चुकीची आवृत्ती किंवा ३२ आणि ६४ बिटची गल्लत. २०२१ पासून विंडोज १०च्या मासिक अपडेटमध्येच स्टॅकचा अपडेट येऊ लागला आणि हा जाच कमी झाला.

पण क्रमाचा प्रश्न वेश बदलून परत येतो. २०२४ च्या विंडोज ११, आवृत्ती २४एच२ मध्ये ‘चेकपॉइंट’ अपडेट आले. आता नवा अपडेट मूळ विंडोजपासूनचा सगळा फरक घेऊन येत नाही, मधल्या एका टप्प्यापासूनचा घेऊन येतो. तो टप्पा इमेजमध्ये नसेल तर आधी तो हवा. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात ठेवल्या की डिझम क्रम स्वतः लावतं. एकटी ताजी फाइल दिली की अडतं.

डॉट नेट ३.५, म्हणजे काही जुन्या प्रोग्रॅमना लागणारा विंडोजचा घटक, त्याचीही अशीच गत. ते इमेजमध्ये सुरू केलं की काही कामं ‘पहिल्यांदा चालू झाल्यावर करू’ म्हणून राखून ठेवली जातात. त्यानंतर कोठाराची साफसफाई करायला गेलात तर डिझम नाही म्हणतं, कारण अर्धवट काम पडलेलं असताना आवराआवर करता येत नाही. आधी साफसफाई, मग डॉट नेट, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

सगळ्यात कठीण दोष ते, जे इन्स्टॉलेशनच्या वेळी दिसतच नाहीत. २४एच२ चीच गोष्ट. ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर २०२४ चा सुरक्षा अपडेट मिसळून बनवलेल्या पेनड्राइव्हवरून किंवा डीव्हीडीवरून विंडोज टाकली, तर ती नीट बसायची, नीट चालायची, आणि पुढचे सुरक्षा अपडेट घेईनाशी होऊ शकायची. हे मायक्रोसॉफ्टनंच जाहीर केलं आणि उपाय सांगितला: डिसेंबर २०२४ किंवा त्यानंतरचा अपडेट मिसळून माध्यम नव्यानं बनवा. त्या मशीनवर बसलेल्या माणसाचा विचार करा. महिन्याभरानंतर अपडेट अडतो, तो इंटरनेट तपासतो, अँटिव्हायरस काढतो, डिस्क तपासतो. पेनड्राइव्ह कधीचा खणात गेलेला असतो आणि कारण त्यात असतं. म्हणून बनवलेल्या प्रत्येक इमेजबरोबर मी एक साधी नोंद ठेवते: मूळ आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची अख्खी प्रत असलेली फाइल) कोणती, कोणते अपडेट, कोणत्या क्रमानं, कोणत्या तारखेला. ही नोंद नसेल तर अशा दोषाचा माग लागणं केवळ नशिबावर.

तिन्ही व्यवस्था वेगळ्या असल्या तरी त्यांचा मेळ बसावा लागतो, हे आणखी एक दुखणं. बूट.विममध्ये अपडेट घातला की तिच्यातली सेटअपची फाइल नवी होते. पेनड्राइव्हवर मोकळी ठेवलेली सेटअपची फाइल मात्र जुनीच राहते. दोन्ही तंतोतंत सारख्या नसतील तर सेटअप मध्येच मोडतो. नवी फाइल आतून काढून बाहेरच्या जागी ठेवावी लागते. हा काही विंडोजचा एकटीचा स्वभाव नाही. डेबियन लिनक्सचा जुना नेटवर्क इन्स्टॉलर आजच्या संग्रहाला, म्हणजे इंटरनेटवरच्या सॉफ्टवेअरच्या साठ्याला, जोडला, तर तो ‘कर्नल मॉड्यूल सापडले नाहीत’ म्हणून थांबतो. इन्स्टॉलरचा कर्नल एका आवृत्तीचा, संग्रहातली मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरसारखे कर्नलचे तुकडे, दुसऱ्या आवृत्तीची. दुखणं तेच.

अडलेल्या सेटअपच्या पोटात शिरायची वाट फार थोड्यांना ठाऊक असते. शिफ्ट धरून एफ-१० दाबा, काळी कमांड खिडकी उघडते. तिथे ‘नोटपॅड’ टाइप केलं की नोटपॅडही उघडतं. एक्स ड्राइव्हवर विंडोजच्या आत पँथर नावाचा फोल्डर असतो. त्यात सेटअपनं केलेल्या प्रत्येक हालचालीची नोंद आणि चुकांची वेगळी फाइल सापडते. अपडेट मिसळताना नकार आला असेल तर आपल्या चालू मशीनवरचा डिझमचा लॉग पाहायचा. हे लॉग हजारो ओळींचे असतात आणि माणूस साहजिकच शेवटची लाल ओळ वाचतो. पण शेवटची ओळ बहुधा परिणाम सांगते. ‘बसवता आलं नाही’, ‘बदल मागे घेतले’, ‘बंद करत आहे’ अशा एकामागून एक पडलेल्या पत्त्यांच्या वर वर सरकत जायचं, जिथे सगळं सुरळीत चाललेलं शेवटचं दिसतं तिथपर्यंत. त्याच्या लगेच खालची चूक ही पहिली चूक. तिच्याच शेजारी चौकटी कंसात एररचा कोड आणि त्याचं पूर्ण नाव असतं.

लॉगही मुका असेल तेव्हा अर्ध्यानं शोधायचं. समजा ३२ बदल केलेत आणि त्यातला एक घात करतोय. एकेक काढून पाहिलं तर ३२ फेऱ्या. पहिले १६ घालून इमेज बनवा. दोष आला तर तो याच सोळांत, नाही तर दुसऱ्या. मग ८, ४, २, १. पाच फेऱ्यांत चोर सापडतो. मात्र एकमेकांवर अवलंबून असलेले अपडेट वेगळे पाडायचे नाहीत, नाहीतर आपणच नवा दोष तयार करतो. आणि त्याही आधी, काहीही न मिसळलेली मूळ आयएसओ त्याच मशीनवर चालवून पाहायची, तिची हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) अधिकृत हॅशशी ताडायची. मूळच अडत असेल तर सगळा शोध वाया. कितीतरी वेळा दोषी निघते ती खराब रॅमची पट्टी. व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या कॉम्प्युटरवर, ही चाचणी पटापट होते, पण ड्रायव्हरच्या प्रश्नात तिच्यावर विसंबू नका. तिथलं हार्डवेअर बनावट आणि विंडोजच्या ओळखीचं असतं; खऱ्या मशीनवरची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क दिसेल की नाही हे ते सांगू शकत नाही.

नको ते घटक इमेजमधून कापून विंडोज ‘हलकी’ करण्याविषयी माझं मत स्पष्ट आहे: करू नका. ड्रायव्हर घालणं, अपडेट घालणं ही यंत्रणेला समजणारी भाषा आहे. तिच्या कोठारातून नोंदी उचकटून काढल्या की पुढचा मासिक अपडेट ज्या घटकावर बसायला येतो तो जागेवर नसतो, आणि तो अपडेट नाकारला जातो. काही शे मेगाबाइट वाचवण्यासाठी मशीनची सुरक्षा पणाला लावण्यात अर्थ नाही.

अपडेट मिसळून इन्स्टॉल.विम फुगते तेव्हा एक जुनी मर्यादाही आड येते. फर्मवेअरला वाचता यावा म्हणून पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट करतात, आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. डिझमनं तिचे तुकडे केले की सेटअप ते व्यवस्थित जोडून घेतो.

आतापर्यंत या साखळीतला पहिला गडी, फर्मवेअर, पुष्कळसा शांत होता. तोही बदलतो आहे. बूटच्या टप्प्यावरच शिरणाऱ्या ब्लॅकलोटस या मालवेअरमुळे २०२३ मध्ये जुन्या बूट फाइली सिक्युअर बूटमधून, म्हणजे फक्त विश्वासू सही असलेलीच बूट फाइल चालू देणाऱ्या फर्मवेअरच्या पहाऱ्यातून, बाद करण्याचं काम हळूहळू सुरू झालं. शिवाय या सह्या ओळखणाऱ्या सिक्युअर बूटच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रं घेत आहेत. ज्या मशीनवर जुनी सही बाद केली गेली आहे, तिथे खणातला जुना पेनड्राइव्ह विंडोज पीईपर्यंत पोचणारच नाही. त्याच्या दोन्ही विम फाइली कितीही ताज्या असोत, पेनड्राइव्हवरची बूट फाइल जुन्या सहीची असेल तर फर्मवेअर दारातूनच परत पाठवील. तिथे शिफ्ट-एफ-१० नाही, पँथर फोल्डर नाही, लॉगची एक ओळही नाही. तेव्हा पाहायची ती फक्त पेनड्राइव्हवरची बूट फाइल आणि तिच्यावरच्या सहीचं साल.