नाव गोव्याचे, झाड ब्राझीलचे: 'गोवा पावडर'ची पार्श्वभूमी

मृगाच्या सरी पडून गेल्या की म्हापसा-फोंड्याच्या बाजारात तायकिळ्याच्या जुड्या दिसू लागतात. ओले खोबरे आणि फणसाच्या आठळ्या घालून केलेली ही भाजी गोव्यात पावसाळ्याची वर्दीच. घाटावर हिला टाकळा म्हणतात आणि संस्कृतात चक्रमर्द. यातले चक्र म्हणजे अंगावर उठणारे गजकर्णाचे गोल चट्टे, आणि त्यांचे मर्दन करणारा तो चक्रमर्द. दद्रुघ्न हे तिचे दुसरे नाव, दद्रू म्हणजे दाद. टाकळ्याचे बी लिंबाच्या रसात वाटून चट्ट्यावर लावायची रीत जुनी आहे. त्या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. त्याच्याच भावकीतल्या एका द्रव्यामुळे गोव्याचे नाव जगभरच्या त्वचारोगांच्या पुस्तकांत गेले. गंमत अशी की त्या औषधात गोव्याचे असे काहीच नव्हते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात 'गोवा पावडर' मिळत असे. रंग फिकट पिवळा, पण हवा लागली की तपकिरी-जांभळट. व्हिनेगरात किंवा लिंबाच्या रसात कालवून ती गजकर्णावर लावत. मुंबईचे औषधविक्रेते केंप यांनी १८६४ च्या सुमारास तिची माहिती विलायतेला कळवली. ती गोव्याहून येते एवढे ठाऊक होते, पण कशापासून बनते ते कोणी सांगेना.

खप मात्र असणारच. गजकर्ण ही बुरशी आहे आणि आपली हवा तिला मानवते. त्वचेच्या वरच्या थरातले केराटिन हे प्रथिन तिचे अन्न. ती मधून कडेकडे सरकत जाते, मधला भाग निवळतो आणि कड लाल, खवलेदार राहते, म्हणून गोल आकार. जून ते सप्टेंबर न वाळलेले कपडे, घट्ट जीन्स, जांघेतला घाम एवढे तिला पुरते. शेतात दिवसभर चिखलात उभे राहणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्यांतही बऱ्याचदा बुरशीचाच हात असतो. इंग्रजांनी जांघेतल्या गजकर्णाला 'धोबी इच' म्हटले, जणू खाज परटाच्या घाटावरून येते. बिचारा परीट!

तर १८७४ साली कलकत्त्याचे डॉक्टर जोसेफ फेरर यांनी गोवा पावडरीवर लिहिले. ते वाचून ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर सिल्वा लिमा यांनी ओळखले की हा तर आमच्याकडचा आरारोबा. तिकडच्या जंगलात एक उंच झाड आहे, त्याच्या खोडातल्या भेगांत ही भुकटी साचते. झाड पाडून ती खरवडून काढताना मजुरांचे डोळे आणि कातडी भाजल्यासारखी होई. ब्राझील आणि गोवा दोन्ही पोर्तुगिजांच्या ताब्यात, त्यामुळे ज्या वाटेने पूर्वी काजू आला, त्याच वाटेने ही भुकटीही आली. गोवा तिचे फक्त नाक्यावरचे दुकान.

(उलटही घडले होते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात 'फिरंग' रोगाचे वर्णन आहे. तो सिफिलिस. अंगावर चट्टे आणि व्रण आणणाऱ्या या रोगाला वैद्यांनी सरळ आणणाऱ्याचेच नाव दिले. त्यावर चोपचिनी ही औषधी मुळी देत, आणि गार्सिया द ऑर्ता यांच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथातही तिची चर्चा आहे.)

खरी कलाटणी मिळाली १८७६ मध्ये, तीही चुकीने. लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांच्याकडच्या एका रुग्णाला गजकर्ण समजून ही पावडर लावली गेली. होता सोरायसिस. आणि चट्टे निवळू लागले.

सोरायसिसचा बुरशीशी काही संबंध नाही. त्वचेची पेशी तळातून वर येऊन झडायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच बिघडून तो प्रवास काही दिवसांत उरकला जातो, पेशींचे थर चढतात आणि कोपर, गुडघे, डोके यांवर चंदेरी खवले धरतात. तो लागत नाही. तरी जुन्या काळी युरोपातही त्याची गणना महारोगाच्या नावाखाली होई; व्हिएन्नाच्या डॉक्टर हेब्रांनी १८४१ मध्ये ती गल्लत दूर केली. आपल्याकडे अजूनही सोरायसिस असलेल्या माणसाशेजारी बसमध्ये कोणी पटकन बसत नाही.

पावडरीतले गुणकारी द्रव्य क्रायसारोबिन या नावाने प्रसिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा तिथल्या बायर कंपनीने १९१६ मध्ये त्याच्याशी मिळतेजुळते कृत्रिम द्रव्य बनवले, डिथ्रॅनॉल. पेशींची बेसुमार वाढ ते आवरते, पण आजूबाजूची चांगली कातडी पोळते आणि चादरीवर जांभळट-तपकिरी डाग पाडते. सोरायसिससाठी ते अनेक दशके वापरले गेले. पुढे स्टेरॉइडची पांढरी, डाग न पाडणारी मलमे आली आणि ते मागे पडले.

या मलमांनी स्क्वायरच्या दवाखान्यातली गल्लत उलट्या बाजूने सुरू केली. सोरायसिसला उपयोगी पडणारे स्टेरॉइड लोक आता गजकर्णावर चोळतात. लाली आणि खाज दोन दिवसांत जाते, बुरशी आत निवांत पसरते, आणि चट्ट्याचा गोल आकारही मोडल्याने डॉक्टरही फसतो. याला टिनिया इन्कॉग्निटो, म्हणजे वेश पालटलेले गजकर्ण, असे नाव आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. फार्मसीच्या काउंटरवर ट्यूबचे नाव सांगून ती मागणारे गिऱ्हाईक मला तरी अजून दिसते. भरीला टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीला दाद न देणारी बुरशी देशभर पसरली आहे. २०२० मध्ये तिचे नावच ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ठेवले गेले.

गजकर्ण आणि सोरायसिस यांतला फरक ओळखायची एक तपासणी स्वस्त आहे. चट्ट्याच्या कडेची पपुद्री खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशीचे तंतू बहुधा दिसतात, सोरायसिसमध्ये ते नसतात. बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे तर स्क्वायर यांच्या काळीही शक्य होते, पॅरिसच्या डेव्हिड ग्रुबींनी १८४० च्या दशकातच ती दाखवली होती. त्या रुग्णाची पपुद्री कोणी तेव्हा तपासली असती, तर गोवा पावडर त्याला लावलीच गेली नसती.