‘तासगावकर’ पटकन सापडतो, मग नुसता ‘गावकर’ का नाही?

परवा भाचा म्हणाला, मामा, क्लाउडवाले बॅकअप-बिकअप सगळं आपोआप करतात, डेटाबेसला विचारायच्या क्वेऱ्या एआय लिहितो, मग डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) होऊ की नको? त्याला एका सहकारी संस्थेतला किस्सा सांगितला, तोच इथे टाकतो.

तिथे खातेदाराचं नाव शोधायला घेतलं की पाचही काउंटर ठप्प. सर्व्हरवर कुंकवाचं स्वस्तिक, खोलीच्या दाराला लिंबू-मिरची आणि टेबलावर नव्या सर्व्हरचं कोटेशन. तिन्हींचा उपयोग साधारण सारखाच. डेटाबेसमधल्या टेबलात, म्हणजे खातेदारांच्या तक्त्यात, 10 लाख नोंदी, नोंद 1 केबीची, म्हणजे 1 जीबी झाला. हार्डडिस्क सेकंदाला 150 एमबी वाचते धरलं तरी सगळं चाळायला 7 सेकंद, आणि पाच जण एकदम चाळायला लागले की बघायलाच नको. वेगवान एसएसडी डिस्क घेतली असती तर 7चे 2 झाले असते, पण चाळणं काही सुटलं नसतं.

चाळणं सुटतं ते इंडेक्समुळे, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारख्या क्रमवार यादीमुळे, आणि ती यादी झाडासारखी पायऱ्यापायऱ्यांनी रचणारा बी-ट्री हा माझा जीव की प्राण. 1970 साली बायर आणि मॅक्रेट या दोघांनी तो काढला, तेही विमानं बनवणाऱ्या बोइंगच्या प्रयोगशाळेत. त्यातला ‘बी’ कशाचा हे त्यांनी कधीच सांगितलं नाही! पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक पान, म्हणजे एका दमात वाचायचा तुकडा, 8 केबीचं असतं. देवनागरीतलं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, तरी एका पानावर समजा 200 आडनावं बसली आणि प्रत्येकाने खालच्या एकेका पानाकडे बोट दाखवलं, तर दोन पायऱ्यांत 40 हजार, तीन पायऱ्यांत 80 लाख, चार पायऱ्यांत 160 कोटी. म्हणजे अख्ख्या भारतातला एक माणूस शोधायला चार पानं उघडायची, आणि आमच्या 10 लाखांना तर तीनच पुरली.

खरी गंमत पान भरल्यावर होते. भरलेलं पान दुभंगतं, मधलं नाव वरच्या पानावर जातं, तेही भरलं की ते दुभंगतं, असं होत होत शेवटी सगळ्यात वरचं मूळपान फुटतं आणि त्याच्या डोक्यावर नवं मूळ येतं. झाड शेंड्याला न वाढता मुळाशी वाढतं, म्हणून सगळ्यात खालची पानं कायम एकाच खोलीवर राहतात, कुठलंच नाव दुसऱ्यापेक्षा जास्त लांब नसतं. (मुळं वर फांद्या खाली असलेला पिंपळ आपल्याकडे होताच, तेव्हा पूर्वजांना बी-ट्री माहीत होता, असले फॉरवर्ड कृपया मला पाठवू नका.)

तर त्या संस्थेत इंडेक्स होता की! पण मॅनेजरसाहेबांना पूर्ण नाव आठवायचं नाही, ते शोधायचे ‘काहीतरी-गावकर’. नावं लावलेली पहिल्या अक्षरापासून, शेवट माहीत असून काय उपयोग, गपचूप पहिल्या नोंदीपासून चाळत बसायचं. उपाय काय, तर आडनाव उलटं करून त्यावर दुसरा इंडेक्स. तासगावकर उलटा केला की ‘रकवागसात’, आणि शोधायचं ‘रकवाग’ने सुरू होणारं. पोस्टग्रेसवर लोकेल (अक्षरांचा क्रम ठरवणारी सेटिंग) ‘सी’ नसेल तर इंडेक्सला टेक्स्ट पॅटर्न ऑप्स हा पर्याय लावा, नाहीतर प्लॅनर (शोध कुठल्या वाटेने घ्यायचा ते ठरवणारा भाग) लाइकसाठी, म्हणजे अर्धवट नावाच्या शोधासाठी, त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. हे डोक्यावरून गेलं तर सोडून द्या.

पण नुसतं ‘कर’ शोधलंत तर हाच प्लॅनर इंडेक्स बाजूला ठेवून सगळं टेबल चाळतो, आणि ते बरोबरच आहे, कोकणातली निम्मी यादी ‘कर’वाली, एकेकासाठी उड्या मारण्यापेक्षा सरळ वाचलेलं स्वस्त. शिवाय प्रत्येक नवा इंडेक्स म्हणजे नवी नोंद टाकताना आणखी एक झाड सांभाळणं. मी एका टेबलावर 19 इंडेक्स पाहिलेत, इन्सर्ट अक्षरशः रांगत होते.

कुठला इंडेक्स ठेवायचा आणि कुठला उडवायचा हे साहेब काउंटरवर नक्की काय टाइप करतात त्यावर ठरतं, आणि ते बघायला मी दोन दिवस त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो. भाच्याला म्हटलं, असं बसायची तयारी असेल तर हो डीबीए. तो म्हणाला, दोन दिवस? एसी होता का तिथे?