ब्लॅकबुकातली टक्केवारी

परीक्षा जवळ आल्या की ठाण्यात आणि नवी मुंबईत कॉलेजांजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत ब्लॅकबुकच्या, म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या, बाइंडिंगसाठी गर्दी होते. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, आत सर्टिफिकेट, आभार, मग लिटरेचर सर्व्हे. काही ठिकाणी आता आणखी एक कागद मागितला जातो: मजकूर किती टक्के एआयने लिहिला असावा, हे सांगणारा रिपोर्ट. तो आकडा जास्त आला की सबमिशन अडतं. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

भाषेचं मॉडेल आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचं गणित करत लिहीत जातं. ते पकडणारी बरीच सॉफ्टवेअर तेच गणित उलट लावतात. पुढचा शब्द सहज ओळखता आला तर लेखन यंत्राचं, नाही आला तर माणसाचं. आता घणसोलीची, मराठी माध्यमातून आलेली एखादी मुलगी घ्या. तिचं इंग्रजी शिकून आलेलं, शब्द मोजके, वाक्यांचे साचे पुस्तकातले. तिचा पुढचा शब्द ओळखता येणारच. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेचे ९१ निबंध अशा सात सॉफ्टवेअरना दिले. सरासरी ६० टक्क्यांहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसांचे म्हणून ओळखले गेले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही जानेवारी २०२३मध्ये असं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राच्या १०० मजकुरांपैकी २६ पकडायचं आणि माणसांच्या १०० पैकी ९ चुकीने यंत्राचे ठरवायचं. अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये ते बंद झालं.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण ते साम्य आधी छापलेल्या मजकुराशी असतं. कुठून उचललं ते समोर ठेवता येतं. एआयच्या टक्केवारीमागे दाखवण्याजोगं काहीच नसतं. तो अंदाज आहे. दोन्हींना एकच १० टक्क्यांची पट्टी लावणं चूक आहे.

आणि खरी फसवणूक या रिपोर्टात दिसतही नाही. समजा, प्रोजेक्ट ठाणे खाडीच्या पाण्यावर आहे. ऐरोलीच्या जेट्टीवरून नमुने घ्यायचे, विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. एआयला सांगितलं तर तो बारा नमुन्यांचं टेबल क्षणात देतो, लिटरमागे ४.२ मिलिग्रॅम, ३.८, असे पटण्याजोगे आकडे, कारण असे असंख्य रिपोर्ट त्याने वाचलेत. खाडीला मात्र ओहोटी असते. त्या वेळी नाल्यांचं सांडपाणी कमी पातळ होतं, त्यातली घाण कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन वापरतात आणि आकडा खाली येतो. पहाटेही तो कमी असतो, कारण रात्री शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण थांबलेलं असतं. बनावट टेबलाभोवती मुलाने स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार परिच्छेद लिहिले, तर ते पास होण्याची शक्यता बरीच. ज्याने चिखल तुडवून नमुने आणले आणि फक्त इंग्रजी एआयकडून नीट करून घेतलं, तो अडकतो.

संदर्भसूचीचंही तसंच. मॉडेलला शोभेल असं लेखकाचं नाव, जर्नल, वर्ष जुळवता येतं. तो पेपर अस्तित्वात असेलच असं नाही. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी असे अस्तित्वात नसलेले निकाल कोर्टात दिले, आणि त्यांना व त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड झाला.

‘नेचर’ने जानेवारी २०२३मध्येच भूमिका घेतली: एआय लेखक होऊ शकत नाही, कारण तो जबाबदारी घेऊ शकत नाही, वापर केला असेल तर तो नोंदवा. ब्लॅकबुकात सर्टिफिकेटनंतर एक पान याला द्यावं. भाषा सुधारली, कोडमधली चूक शोधली, पेपरचा सारांश घेतला, जे असेल ते लिहावं. तसं लिहिणाऱ्याचे मार्क कापू नयेत, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी लिहिणार नाही.

उरलेलं काम व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, होतं. गाईडने नमुन्यांची वही आणि मोबाइलमधले तारखेसकट फोटो मागावेत, संदर्भांतले कुठलेही दोन पेपर समोर उघडायला सांगावेत. आणि एक्सटर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, विचारावं: हा तिसरा नमुना घेतला तेव्हा भरती होती की ओहोटी? उत्तर मराठीत आलं तरी चालेल.