दगडावर आकडा, घरात नाव: मराठी सैनिकांच्या आठवणींची पार्श्वभूमी

सातारा, नगर, रत्नागिरी या बाजूच्या कितीतरी जुन्या गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी दगडी पाटी सापडते. मजकूर जवळपास ठरलेला असतो: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामी आले. वर्षानुवर्षं चुन्याचे हात बसून अक्षरं बुजलेली असतात, आकडे मात्र बोटांनी चाचपले तरी कळतात. नाव एकही नसतं. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात, पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जवानांसाठी ओळखलं जातं. आकडा सगळ्यांना पाठ आहे. ते ४६ कोण, हे सांगायचं काम मात्र घराघरांवर पडलं.

माजी सैनिकांच्या आठवणी आपल्याकडे लिहिण्यापेक्षा सांगण्यात जास्त का राहिल्या, याचं मूळ इथे आहे. कारकुनी कागदाने शिपाई मोजला आणि घराने त्याचं नाव सांभाळलं. त्यामुळे आजही एखाद्या फौजी आजोबांची हकिगत नीट नोंदवायची तर दोन्ही बाजू शेजारी ठेवाव्या लागतात. नुसत्या कागदावर माणूस सापडत नाही, आणि नुसत्या बोलण्यावर तारीख ठरत नाही.

सुरुवातीला दगडावर नावं होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईनंतर कंपनी सरकारने जयस्तंभ उभारला, त्यावर कामी आलेल्या ४९ जणांची नावं कोरली. त्यांतली २२ नावं शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे महार शिपायांची. पुढे १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली, तेव्हा जुन्या सैनिकांनी आठवणींचाच पुरावा केला. दापोली ही तेव्हा लष्करी पेन्शनरांची वस्ती. तिथले निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये तीच मागणी पुढे नेली. आमच्या वाडवडिलांनी इतकी वर्षं चाकरी केली, हा या सगळ्या खटपटीचा पाया होता. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. कायमची महार रेजिमेंट बेळगावला उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडला. सैनिकाची आठवण म्हणजे रिकाम्या वेळच्या गप्पा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा. त्या आठवणींवर पुढच्या पिढीची भाकरी अवलंबून होती.

शंभर वर्षांनी उलटंच झालं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमाराला या डिव्हिजनला तुर्कांचा वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनेच उठला. शेवटी धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले, पण धर्मामुळे बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस बरेच आठवडे नाकारलं. ताजी भाजी नव्हतीच, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त येण्याचा स्कर्व्ही पसरला. सुमारे १३ हजार लोक कैद झाले. साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि त्यांतल्या पुष्कळांना रस-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. १९२९ मध्ये बसऱ्याला त्या आघाडीचं स्मारक उघडलं, त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा दिला. हा भेदभाव होता, हे महायुद्धांतल्या मृतांच्या समाध्या आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात मान्य केलं आहे. आपल्या पणजोबांचं नाव बसऱ्याच्या दगडावर नाही म्हणून ते गेलेच नव्हते, असं कुणी धरू नये. आयोगाच्या ऑनलाइन यादीत शोधावं, आणि इंग्रजी स्पेलिंग पाच-सहा तऱ्हेने घालून पाहावं. शिंदे, सिंदे, शिंदी हे एकाच माणसाचे अवतार असू शकतात, आणि आडनावाऐवजी नुसतं वडिलांचं नाव लावलेलंही सापडतं.

फ्रान्सच्या आघाडीवरून गेलेल्या पत्रांचं वेगळंच झालं. १९१४ च्या अखेरीपासून हिंदी टपालासाठी सेन्सॉर नेमला गेला. तो पत्रं वाचून निवडक उतारे इंग्रजीत उतरवून घ्यायचा आणि दर आठवड्याला अहवाल द्यायचा. मूळ पत्रं पुढे रवाना व्हायची आणि गावाकडे चुलीत, वाळवीत किंवा पुरात जायची. म्हणून आज जे उरलंय ते शिपायाचे शब्द नव्हेत, ते सेन्सॉरचे इंग्रजी शब्द आहेत. पत्र फोडलं जातं हे शिपायांना ठाऊक होतं. म्हणून ते हिंदी सैनिकांसाठी 'काळी मिरी' आणि गोऱ्यांसाठी 'लाल मिरची' असे सांकेतिक शब्द वापरत. त्या संग्रहात पंजाब आणि वायव्येकडची माणसं जास्त आहेत, कारण त्या आघाडीवर भरणा त्यांचाच होता. मराठी माणूस तिथे नव्हताच असं नाही. मुंबई सॅपर्सच्या, म्हणजे फौजी इंजिनिअरांच्या, २० आणि २१ व्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेलच्या हल्ल्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर होत्या आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी त्या एका दिवसात पडले किंवा जखमी झाले.

सैनिकाचा खरा आवाज पहिल्यांदा धरला गेला तो शत्रूच्या कैदेत. बर्लिनजवळ व्ह्यून्सडॉर्फला 'हाफ मून' नावाची छावणी होती. डिसेंबर १९१५ पासून १९१८ पर्यंत विल्हेल्म डोगेन यांच्या पथकाने जर्मनीतल्या अशा छावण्यांमधून कैद्यांचे आवाज लाखेच्या थाळ्यांवर घेतले, त्यांत हिंदी शिपायांचेही आहेत. त्यांना हव्या होत्या बोली. माणसाची हकिगत हा त्यांचा विषय नव्हता. मजकूर आधी लिहून घ्यायचा, तो थाळीत मावेल एवढाच ठेवायचा आणि मग कर्ण्यात बोलायला लावायचं. तरी डिसेंबर १९१६ मध्ये मलसिंग या शिखाने 'एक माणूस होता' असं म्हणत स्वतःचीच गोष्ट तिऱ्हाइताच्या तोंडून सांगितली. हिंदुस्थानात लोणी खाणारा तो माणूस इंग्रजांच्या चाकरीला लागला, जर्मनांनी त्याला पकडलं, आता त्याला घरी जायचंय. आपल्याकडचे जुने जवानही कित्येकदा असेच बोलतात. अवघड जागा आली की 'मी' सुटतो आणि 'आमच्यातला एकजण' सुरू होतो. तिथे ऐकणाऱ्याने 'म्हणजे तुम्हीच ना?' असं विचारू नये. सांगणारा तिथेच थांबतो.

त्या छावणीतला एक कागद मात्र आजही कामाचा आहे. प्रत्येक आवाजासोबत एक पत्रक भरलं जाई: नाव, जन्म कुठला, सहा ते वीस या वयात कुठे राहिला, घरची भाषा, लिहिता-वाचता येतं का, धंदा, धर्म. असा एक ताव भरल्याशिवाय रेकॉर्डिंगला हात लावू नये.

आता पलटणींच्या नावांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या जुन्या आकड्यांत शंभर मिळवले गेले, म्हणजे तिसरी ती १०३ आणि पाचवी ती १०५. १९२२ मध्ये सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी आणि ११७ पाचवी. पण जवानांच्या तोंडी जुनीच नावं राहिली. पहिलीला 'जंगी पलटण' म्हणतात आणि दुसरीला 'काली पाँचवी'. त्या पाचवीचा गणवेशाच्या कडांचा रंग काळा होता, त्यावरून हे नाव पडलं. त्यामुळे आजोबा 'काली पाँचवीत होतो' म्हणाले तर ५ मराठा शोधू नका, २ मराठा शोधा. तिसरीची गोष्ट आणखी निराळी. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे याच तिसऱ्या बटालियनचे. ती १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि २ पॅरा झाली. तिच्या जुन्या जवानांच्या नातवंडांनी आजच्या मराठा पलटणींत चौकशी केली तर हाती काही लागत नाही, ते यामुळे.

हुद्द्यांचंही तसंच. १९६५ पर्यंतचा जमादार म्हणजे पुढचा नायब सुभेदार. आणि गावात प्रत्येक माजी सैनिकाला मानाने 'मेजर' म्हणायची रीत आहे, तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असला तरी. मुलाखतीत 'मेजर' ऐकून तसंच छापलं तर त्या माणसाला त्याच्याच पलटणीतल्या मित्रांपुढे अवघडायला होतं. डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकात, लिहिलेला हुद्दाच घ्यावा.

मेडल हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिकांना दिलेल्या 'स्टार'च्या पाठीवर नाव सापडतं. चिंच किंवा पॉलिश लावून घासू नये, कोरीव अक्षरं आधीच उथळ असतात. कडेने टॉर्चचा तिरपा उजेड टाकावा आणि मोबाइलने जवळून फोटो घ्यावा, अक्षरं सावलीने उठून दिसतात. नंतरच्या काळात १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्व आघाडीचा 'पूर्वी स्टार', पश्चिम आघाडीचा 'पश्चिमी स्टार' आणि संग्राम मेडल आहे. आजोबा ढाक्याची गोष्ट सांगतात आणि पेटीत पश्चिमी स्टार निघतो, तर ते खोटं बोलतात असं नाही. बहुतेक वेळा सोबत्याकडून ऐकलेलं आणि स्वतः पाहिलेलं पन्नास वर्षांत एकजीव झालेलं असतं. अशा वेळी विचारावं, 'तेव्हा तुमची कंपनी कुठे होती?' बटालियनचा 'आम्ही' आणि कंपनीचा 'आम्ही' इथे वेगळे होतात.

१९७१ चं जमालपूर, आजच्या बांगलादेशातलं, याचं चांगलं उदाहरण. १ मराठाने शहराच्या मागच्या वाटेवर नाकेबंदी केली, १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी ३१ बलुच तिथून निसटू पाहत असताना मोठी चकमक झाली आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. त्याआधी 'शरण या' अशा आपल्या फौजेच्या चिठ्ठीला पाकिस्तानी कमांडरने बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर पाठवलं, ते पत्र प्रसिद्ध आहे. ते पत्र पुन्हा पुन्हा छापून येतं. त्या रात्री खंदकात बसलेल्या नाईकाकडे किती राउंड होते, ओल्या मातीत बूट कसे रुतत होते, जेवण कधी पोचलं, हे मराठीत कागदावर फार थोडं आहे. सांगू शकणारे आता सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून नोंदवताना लढाईपासून सुरुवात करू नये. भरती कुठे झाली, छाती कोणी मोजली, रंगरूट म्हणून पहिल्या दिवशी काय वाढलं, कसम परेडला घरचं कोण आलं होतं, इथून चालत यावं. पाठीवर काय होतं, वजन किती, पाण्याची बाटली कुठल्या बाजूला, अशा प्रश्नांनी शरीर आठवू लागतं आणि मागोमाग प्रसंग येतो. 'तुम्हाला काय वाटलं?' या प्रश्नाला बहुतेक फौजी 'ड्युटी होती' एवढंच म्हणतात. तारीख विचारू नये, ती पुस्तकातून पाठ झालेली असते. सण, सुगी, थोरल्या मुलाचा जन्म, रजेवरून परतीची गाडी यांच्याशी प्रसंग जोडून घ्यावा. तोफखान्यातल्या जुन्या माणसांना एका कानाने कमी ऐकू येतं, आधी विचारून चांगल्या कानाच्या बाजूला बसावं. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, कॉलरचा माइक हनुवटीखाली एक वीत. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि दोघांची नावं मोठ्याने बोलावी. पाऊण तास झाला की थांबावं. घरचे लोक मध्ये बोलून गोष्ट पुरी करतात, त्यांना वेगळं बसवून वेगळं ऐकावं, कारण ही गोष्ट पूर्वी घरात कशी सांगितली गेली ते त्यांच्याकडून कळतं.

मग ताळा घ्यायचा. डिस्चार्ज बुक, पेन्शन ऑर्डर, रजेचे पास आणि फोटोंच्या मागचा मजकूर, सगळं पाहावं. जुन्या पिढीला फौजेत रोमन लिपीतली हिंदुस्थानी शिकवत, त्यामुळे डायरी इंग्रजी वाटली तरी मोठ्याने वाचली की भाषा ओळखू येते. पहिल्या युद्धाच्या वेळचे घरचे कागद मोडी लिपीत असू शकतात. सेवेचा तपशील रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतो: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अर्ज स्वतः सैनिकाने किंवा जवळच्या वारसाने नंबर, हुद्दा आणि नावासह करावा. वाट ठाऊक नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. लढाईच्या मूळ नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या कराव्यात असं संरक्षण मंत्रालयाचं २०२१ चं धोरण आहे.

सेवा क्रमांक, पेन्शन ऑर्डरचा नंबर आणि बँकेचा तपशील प्रसिद्ध करायच्या प्रतीतून काढून टाकावा, पेन्शनरांना फसवणारे नेमकं तेच शोधतात. मूळ आवाजाला कात्री लावू नये. एक प्रत घरी, एक वेगळ्या गावच्या नातेवाइकाकडे, आणि मेडलांच्या पेटीत एक कागद: कोणाचं मेडल, कुठली पलटण, कोणत्या साली कुठे, आणि हे कोणी कोणाला सांगितलं.